एक विसरलेला वैरी

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास हा काही शिकविण्याचा तास नव्हे. पोरांची शरीरे तेवढी बाकांवर असतात. मने केव्हाच घरी जाऊन चकलीच्या सोऱ्याभोवती घोटाळत असतात. अशा वेळी मी पुस्तक मिटून गप्पा मारतो. गेल्या वर्षी अशाच तासाला मी विचारले, "दिवाळीचा पहिला दिवस कोणता रे?" उत्तर आले, "वसुबारस!" वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची. गाय-वासराला ओवाळणे त्यांना नवे नाही. मग मी म्हटले, "सांगा पाहू, गुरांना रोग कोणकोणते होतात?"

"लंपी!" सारा वर्ग एकदम ओरडला. २०२२ साली लंपीने जनावरांचे बाजार बंद पाडले, ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले होते. मागोमाग लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या ही नावेही आली. मी खूश झालो आणि म्हणालो, "शाबास! आणि बुळकांडी?"

वर्ग गप्प. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. अखेर मागच्या बाकावरच्या एकाने भीतभीत विचारले, "गुरुजी, ते खायचं असतं का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना त्या हसण्याचे मलाच नवल वाटत राहिले. ज्या नावाने आमच्या आजोबांच्या अंगावर काटा येई, ते नाव त्यांच्याच गावच्या मुलाला फराळाच्या ताटातल्या पदार्थासारखे वाटावे! शत्रूचा ह्याहून मोठा पराभव कोणता? मात्र हा पराभव कोणी केला आणि कसा केला, हेही आपण त्या नावाबरोबरच विसरलो आहोत. म्हणून ती हकिकत सांगतो. मी काही शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कथा-कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. तेव्हा माझ्या रीतीने, म्हणजे घरापासून सुरुवात करतो.

आमचे गाव भीमाकाठचे. आजोबांना सारा गाव तात्या म्हणे. १९४३-४४ च्या सुमाराची गोष्ट असेल. पावसाळा तोंडावर आला होता आणि गावात बुळकांडी शिरली. आधी जनावर चारा सोडी. अंग तापे, डोळ्यांना आणि नाकाला धार लागे. मग हिरड्यांवर, जिभेखाली कोंडा चिकटल्यासारखे फोड दिसत. ते फुटले की तोंडाला असह्य घाण येई. त्यामागून हगवण सुरू होई. रोगाला नाव मिळाले ते ह्या हगवणीवरूनच. आठ-दहा दिवसांत जनावर पाण्यावाचून सुकल्यासारखे होऊन खाली बसे आणि पुन्हा उठत नसे. काढे पाजून झाले, डाग देऊन झाले. कशाचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा गावाने आपली जुनी रीत केली. मरीआईला बोकड दिला, लाकडाचा लहानसा गाडा केला, त्यात देवीला बसविले आणि रात्री वाजतगाजत तो गाडा शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडला. साथ म्हणजे देवीचा कोप; देवी गेली की साथ गेली. शेजारच्या गावाने काय करावे? त्यांनी तो पुढच्या गावाच्या शिवेत ढकलावा. ह्यात कोणाला पाप वाटत नसे. ज्याने त्याने आपले गाव वाचवावे, एवढाच त्यातला धर्म.

तात्यांनी त्या रात्री गाडा ओढला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांच्या दावणीला दोन बैल आणि दोन गाई. एक बैल आजारी पडला होता. एक गाय मात्र ठणठणीत होती; चांगली खात होती, दूध देत होती. ही तरी वाचावी म्हणून त्यांनी ती शेजारच्या गावी, आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी नेऊन बांधली.

गाय तिथे चौथ्या दिवशी आजारी पडली. महिन्याभरात बहिणीचा गोठा रिकामा झाला आणि मग ते गावही. इकडे तात्यांची तिन्ही जनावरे गेली. त्या वर्षी आमच्या गावात सावड करायला कोणाकडे बैल उरले नव्हते. इर्जिक घालावी म्हटले तर औत ओढणार कोण? पाऊस चांगला झाला आणि तरीही रान पडून राहिले. तात्यांनी कर्ज काढून पुढच्या वर्षी बैल घेतले. ते कर्ज माझ्या वडिलांनी फेडले.

ही गोष्ट तात्यांनी मला एकदाच सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "गाड्यानं काही झालं नसंल रे, गाईनं झालं." आत्याआजीने त्यांना कधी बोल लावला नाही. दर भाऊबिजेला ती येई आणि ओवाळी. तात्या मात्र ओवाळून घेताना मान वर करीत नसत.

तात्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. बुळकांडी हा विषाणूचा रोग. आपल्याकडच्या गोवराचा जवळचा नातलग. गोवर माणसांत आला तोच मुळी गुरांच्या ह्या रोगाच्या पूर्वजापासून, असे शास्त्रज्ञ मानतात. विषाणू अंगात शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत काही दिवस जातात, कधी दोन आठवडेही. ताप चढायच्या आधीच जनावराच्या श्वासातून, लाळेतून तो बाहेर पडू लागतो. म्हणजे धडधाकट दिसणारे जनावरच रोगाला वेशीपलीकडे नेते. आणि माणसाची रीत अशी की साथ आली की धडधाकट दिसणारे जनावर तो आधी बाजारात तरी नेतो, नाहीतर पाहुण्याकडे तरी. बुळकांडीचा जगभरचा इतिहास चाळला तर आमच्या तात्यांचीच गोष्ट पुनःपुन्हा वाचल्यासारखी वाटते. फक्त शीव तेवढी मोठी होत जाते.

अठराव्या शतकात ह्या रोगाने युरोपात थैमान घातले. १७११ नंतर इटलीत गुरे पटापटा मरू लागली, तेव्हा पोपचे वैद्य लान्सीसी ह्यांनी सांगितले की आजारी जनावर मारून पुरा आणि गुरांची ने-आण बंद करा. उपाय कठोर होता, पण विचार नवा होता; दैवी कोपाऐवजी त्यांनी संसर्गाचा विचार केला. पुढे फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला ह्यांनी लियों शहरी जनावरांच्या वैद्यकाची शाळा काढली. १७६१ साली तिला मंजुरी मिळाली. जगातली ह्या प्रकारची ती पहिली शाळा, आणि तिच्या स्थापनेमागे मोठे कारण होते ते गुरांतली ही मरीच. ज्या रोगाने गोठे ओस पाडले, त्यानेच पशुवैद्य नावाचा माणूस घडविला म्हणायचा!

आफ्रिकेची कहाणी ऐकवत नाही. १८८७ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या काठी, आजच्या एरिट्रियात, इटालियन फौजेसाठी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी उतरली. त्या भूमीला तो रोग ठाऊक नव्हता. दहा वर्षांत तो पार दक्षिणेच्या टोकाला पोहोचला. वाटेतली शेकडा ऐंशी-नव्वद गुरे मेली. गुरांबरोबर नांगर गेले, दूध गेले, आणि इथिओपियात असा दुष्काळ पडला की देशातली एक-तृतीयांश माणसे त्यात गेली असे म्हणतात. जित्राब गेले की माणूस कसा उघडा पडतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता आपल्या घराकडे येऊ. हिंदुस्थानात हा रोग कित्येक पिढ्यांपासून ठाण मांडून होता. गुरांच्या साथींचा तपास करण्यासाठी सरकारने नेमलेल्या मंडळाने १८७१ साली आपला अहवाल दिला. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. आणि १८८९ साली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात, सायन्स कॉलेजच्या आवारात. डॉ. अल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. पण बुळकांडीचे विष घेऊन भरवस्तीत, गाईगुरांच्या गर्दीत प्रयोग करायचे म्हणजे गंजीशेजारी चूल मांडण्यासारखेच! म्हणून १८९३ साली ती प्रयोगशाळा हिमालयात, कुमाऊँ भागातल्या मुक्तेश्वरला हलविली. सात हजार फुटांहून अधिक उंची, भोवती देवदाराचे रान, थंड हवा आणि सभोवार वस्ती नाही. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते हेच.

१८९७ साली मुंबईत प्लेगचा कहर चालू होता. त्याच्या तपासासाठी जर्मनीचे प्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख मुंबईला आले. ते येत होते दक्षिण आफ्रिकेतून, बुळकांडीशीच झुंज देऊन. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचले तर त्याचा बचाव होतो, अशी रीत त्यांनी तिथे बसविली होती. त्याच वर्षी ते मुक्तेश्वरलाही जाऊन आले. रीत ओबडधोबड होती, धोक्याचीही होती. पण टोचून रोग थोपविता येतो, एवढे तिने दाखविले. त्यापाठोपाठ रोगातून उठलेल्या जनावरांच्या रक्तातली लस, म्हणजे सीरम, आले. त्याचा परिणाम थोडे दिवस टिके. तो टिकावा म्हणून सीरमबरोबर जिवंत विषाणूही टोचीत. मग कधी कधी त्या उपायातूनच रोग लागे. १९०२ साली इस्तंबूलमध्ये निकोल आणि आदिल बे ह्या दोघांनी सिद्ध केले की ह्या रोगाचे बीज जंतूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते. सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणारा वैरी तो!

आणि अशा वेळी बोकड कामी आला. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स नावाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. गुरांच्या रक्तातून विषाणू घ्यावा तर त्याबरोबर गोचिडांनी आणलेले दुसरेच परजीवी येत आणि टोचलेली गुरे भलत्याच रोगाने आजारी पडत. हा उपद्रव टाळण्यासाठी एडवर्ड्सनी विषाणू शेळ्यांत वाढवायचा ठरविला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा तो शेकडो वेळा फिरविला. मौज अशी की शेळीत मुरता मुरता विषाणूचा गुरांवरचा दात बोथट झाला. तो टोचला तर आपल्या मैदानी मुलखातल्या गुरांना थोडा ताप येई, आणि पुढे जन्मभर बुळकांडीची बाधा होत नसे. बोकडाच्या प्लीहेपासून ही लस तयार होऊ लागली. आमच्या गावाने ज्याला देवीपुढे उभे केले, त्याच बिचाऱ्या प्राण्याने दुसऱ्या वाटेने खरोखरच गुरे वाचविली.

पण लस हाती असणे वेगळे आणि ती गोठ्यापर्यंत पोहोचणे वेगळे. तात्यांचा गोठा ओस पडला तेव्हा मुक्तेश्वरची लस निघून दहा-बारा वर्षे झाली होती. साथ आली की सरकारी माणसे तिथे धावत आणि टोचीत; एका गावची साथ विझे तोवर दुसरीकडे पेटे. शहाणपणाचा हा गाडाही एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवरच फिरत होता. १९५४ साली स्वतंत्र भारताने निराळा विचार केला. साथीची वाट पाहायची नाही. देशातल्या शंभरातल्या ऐंशी गुरांना पाच वर्षांत टोचायचे. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर गुरे कोणी टोचली नव्हती.

आमच्या गावी टोचणारे आले तेव्हा लोकांनी गुरे ओढ्यात नेऊन लपविली. टोचल्याने दूध आटते, गाभ पडतो, अशी बोलवा होती. त्या दिवशी तात्यांनी आपली गाय स्वतः पुढे आणली आणि मग घरोघर हिंडून लोकांना म्हणाले, "मी काय केलं ते तुम्हाला ठावं आहे. आता गुरं बाहेर काढा." ही हकिकत मला तात्यांनी नव्हे, आत्याआजीने सांगितली.

हळूहळू मरी हटली. वर्षाला देशभर हजारो ठिकाणी होणाऱ्या साथी काही शेकड्यांवर आल्या. त्याच सुमारास केनियातल्या मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट ह्या इंग्रज पशुवैद्याने वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांत विषाणू मुरविला आणि अशी लस तयार केली की ती कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या गुराला निर्धोकपणे टोचता यावी. शेळीची लस देशी गुरांना सोसे, पण परदेशी आणि संकरित गाईंना जड जाई. ह्या नव्या लसीने ती अडचण गेली. पुढे आपल्याकडे संकरित गाई आल्या आणि दुधाचे पाट वाहिले, त्यामागे दुग्धसंघांचे श्रेय आहे तसे ह्या लसीचेही आहे. प्लोराइट ह्यांना १९९९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गुरांच्या डॉक्टराला अन्नासाठीचा मान, ह्यातले मर्म शेतकऱ्याला लगेच कळेल.

पण हा वैरी इतक्या सहज हार मानणारा नव्हता. आफ्रिकेत १९६२ पासून १९७६ पर्यंत अनेक देशांनी मिळून लसीकरण केले. रोग जवळजवळ संपला आणि सारे निर्धास्त झाले. दोन-तीन कोपऱ्यांत तो धुमसत राहिला होता, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. १९८० च्या सुमारास त्याने पुन्हा उसळी घेतली आणि लाखो गुरे नेली. विस्तव राखेखाली होता तोवर आग विझली म्हणणे फसवे होते. शंभरातली नव्व्याण्णव गावे वाचविली आणि एक सोडले, तर त्या एकातून तो पुन्हा शंभरांत येणार.

ह्याला उपाय एकच: शीव नावाची गोष्टच मनातून काढून टाकायची. तशी सुरुवात पूर्वी एकदा झाली होती आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली काही वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरविली गेली आणि तिथे बुळकांडी पसरली. पुन्हा तीच धडधाकट दिसणारी गाय! घाबरलेल्या देशांनी एकत्र येऊन १९२४ साली पॅरिसला जनावरांच्या रोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापली. आपल्याकडे रोग आला तर लपवायचा नाही, शेजाऱ्याला आधी कळवायचे, हा तिचा मूळ नियम. संयुक्त राष्ट्रसंघ जन्माला येण्याच्या वीस वर्षे आधी गुरांच्या निमित्ताने माणसांना एवढे शहाणपण सुचले होते.

त्याच वाटेने पुढे १९९४ साली अन्न आणि शेती संघटनेने जगातून बुळकांडी मुळासकट उपटण्याचा कार्यक्रम आखला. बर्फावाचून महिनाभर टिकेल अशी लस तोवर तयार झाली होती. ती पाठीवर टाकून धनगरासारख्या भटक्या लोकांतलेच शिकविलेले तरुण वाळवंटातल्या कळपांपर्यंत गेले. आपल्या देशात अखेरची साथ १९९५ साली तामिळनाडूत झाली.

ह्यानंतरचे काम मला सर्वांत धैर्याचे वाटते. लस टोचलेल्या गुराच्या रक्तात रोगाशी लढल्याची खूण राहते. ती खूण लसीची की छुप्या रोगाची, हे सांगता येत नाही. तेव्हा रोग गेला हे सिद्ध करायचे तर लस टोचणे थांबवावे लागते. चाळीस वर्षे ज्या ढालीने राखण केली ती खाली ठेवायची, कोट्यवधी गुरे उघडी ठेवायची, आणि गावोगाव हिंडून गोठ्यात डोकावत विचारायचे: तोंड आलेले, हगवण लागलेले जनावर आहे का? डॉक्टर असे वर्षानुवर्षे हिंडले आणि त्यांना रोग सापडला नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला. जगातला तिचा शेवटचा ठावठिकाणा २००१ साली केनियातल्या रानम्हशींत लागला होता. २८ जून २०११ रोजी रोम येथे जाहीर झाले की बुळकांडी पृथ्वीवरून गेली. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग. तिसरा अजून नाही.

तात्या २००३ साली गेले. त्यांना ही बातमी सांगायची राहून गेली. वर्तमानपत्रातही ती कुठे ठळक छापलेली मला आठवत नाही. कोणी फटाके वाजविले नाहीत. साथ आली तर गाव हलते. न आलेल्या साथीचा उत्सव कोण करणार?

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा हे सारे मी वर्गाला सांगितले. शेवटी म्हणालो, "बुळकांडीचा एक भाऊबंद अजून जिवंत आहे. पीपीआर म्हणतात त्याला, शेळ्यामेंढ्यांना होतो. २०३० पर्यंत त्यालाही जगातून घालवायचे सगळ्या देशांनी मिळून ठरविले आहे." मागच्या बाकावरचा तो मुलगा, बुळकांडी खायची असते का म्हणून विचारणारा, त्याच्या घरी दहा-बारा शेळ्या आहेत. मला वाटले, आता हा विचारील की आमच्या शेळ्या टोचायला डॉक्टर कधी येणार.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या शेळ्यांना टोचलंय. पण शेजारच्या गावात टोचलंय का?"